कमरेचा पट्टा देण्याआधी पाय बघा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : साठीपुढच्या माणसांच्या पायांची तपासणी व्हावी आणि त्यांना योग्य चपला मिळाव्यात याबाबत.

महोदय,

मी चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. नोकरीभर माझं काम म्हणजे लोकांचे पाय बघणं. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, बॉलपेनचं टोक तळव्याला हलकेच टेकवायचं आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. निवृत्तीनंतरही नजर सवयीनं पायांकडेच जाते. बसस्टँडवर, बँकेच्या रांगेत, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत जे पाय दिसतात ते बघून राहवत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मागणी एकच आहे. साठी ओलांडलेला माणूस सरकारी दवाखान्यात आला की वर्षातून एकदा तरी त्याला चपला काढायला सांगा, त्याचा पाय हातात घेऊन बघा, आणि गरज असेल तर त्याला धड चप्पल द्या. दोन्ही खात्यांना पत्र लिहिण्याचं कारण असं की बघण्याचं काम आरोग्य खात्याचं आहे आणि चपलेचं सामाजिक न्याय खात्याचं.

आमच्या वॉर्डातल्या एका मावशींचं सांगतो. वय सत्तरीपुढे, मधुमेह बरीच वर्षं. कंबर धरते म्हणून त्या कितीतरी दिवस दवाखाने हिंडत होत्या. एक्स-रे झाला, इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, एका शिबिरात कमरेचा पट्टाही मिळाला. कागदांची पिशवी त्यांनी माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी म्हटलं, मावशी, आधी पाय बघू. त्या म्हणाल्या, "पायाले काय झालं भाऊ, पाय तर चांगले हायेत. कंबर दुखते माही." दाखवायला लाजत होत्या. सुनेनं बादलीभर पाणी आणलं, पाय धुतले, पुसले, आणि मग दिसलं. उजव्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं होऊन वळलं होतं आणि शेजारच्या बोटात रुतलं होतं. त्या बोटातलं चांदीचं जोडवं सुजेत इतकं बसलं होतं की जागचं हलत नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, रुपयाएवढा घट्टा होता आणि त्या घट्ट्याच्या मधोमध काळपट डाग.

आमच्या कामात त्या डागाचा अर्थ शिकवावा लागत नाही. घट्ट्याखाली रक्त साकळलेलं असतं, आत जखम तयार होत असते, आणि वरची कातडी शाबूत असल्यामुळे घरात कुणाला पत्ता नसतो. मावशींनाही नव्हता, कारण मी तिथं टेकवलेलं पेन त्यांना जाणवलंच नाही. पायाखालची जमीन कळेनाशी झाली की माणूस पाय फाकवून, छोटी पावलं टाकत, खाली बघत, पुढं वाकून चालतो. मावशी तशाच चालत होत्या. दिवसभर तसं चालणाऱ्या बाईच्या कमरेवर ताण येणार नाही तर काय होईल? पण त्या पिशवीतल्या एकाही कागदावर पायाबद्दल एक ओळ नव्हती.

जोडवं काढायला त्या तयार नव्हत्या. शेवटी काकाजींनीच, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, सांगितलं की मी आहे ना जिवंत, काढ ते. तेल लावून, बोटाला दोरा घट्ट गुंडाळून ते हळूहळू उतरवलं. घट्टा दवाखान्यात तासून घेतला. खाली लहानशी जखम निघाली, ती ड्रेसिंग करून भरली. मावशी आता देवळापर्यंत चालत जातात. कंबर अजून दुखते, थंडीत जास्तच दुखते, पण पाय वाचला.

मी डॉक्टरांना दोष देत नाही. ओपीडीच्या गर्दीत एका माणसाच्या वाट्याला किती वेळ येतो ते मी जवळून पाहिलंय. मात्र म्हातारपणी पाय आणि कंबर यांची दुखणी एकमेकांत अशी गुंतलेली असतात की खुर्चीत बसलेल्या माणसाला नुसतं विचारून कारण सापडत नाही. "चाललं की पोटऱ्या भरून येतात" ही रोजची तक्रार घ्या. माझ्या ओळखीचे एक काकाजी सायकलवर बाजारापर्यंत जाऊन यायचे, पण पायी पानठेल्यापर्यंत गेले तरी त्यांचे पाय जड आणि बधिर व्हायचे. घरच्यांना वाटायचं, ढोंग करतात. ढोंग नव्हतं. त्यांच्या मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली होती. सरळ उभं राहिलं की नसा दाबल्या जायच्या, बसलं किंवा सायकलच्या हँडलवर वाकलं की मोकळ्या व्हायच्या.

हीच तक्रार दुसऱ्याच्या तोंडून येते तेव्हा त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या तंबाखूनं आणि साखरेनं अरुंद झालेल्या असतात. तो ठरावीक अंतर चालला की पोटरीत गोळा येतो आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतो. बसावं लागत नाही. त्याचं पाऊल थंड असतं, पावलावरची नाडी हाताला लागत नाही. तिसऱ्याच्या पायाच्या नसाच मधुमेहानं खराब झालेल्या असतात. रात्री पाय जळतात, चादरीचा स्पर्श सहन होत नाही. मग काही वर्षांनी ती जळजळ कमी होते आणि माणूस खुशीनं सांगतो की आता बरं आहे. खरं तर तेव्हा संवेदना गेलेली असते आणि धोका तिथून पुढं सुरू होतो. अशा माणसाची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि त्याला कळत नाही. आपल्या घरात कुणाचं असं होत असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी त्यांचे तळवे बघा.

तिघांचे उपाय तीन. पण हे तिघेही बहुतेक वेळा एकच दुखण्याची गोळी आणि एकच पट्टा घेऊन घरी जातात. मधुमेही म्हाताऱ्यानं दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर किडनीचं आणि पोटाचं काय होतं ते आपल्या खात्याला मी सांगायला नको.

आता मी ज्या कामात आयुष्य घालवलं त्याकडे येतो, कारण उपाय तिथं आधीच तयार आहे.

कुष्ठरोगात बोटं रोगामुळे झडतात असं पूर्वी सगळे धरून चालत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत, बधिर झालेल्या हातापायांना इजा होते, ती कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय झिजत जातो. दाब कमी करा, मऊ चप्पल द्या, रोज पाय बघायला शिकवा, म्हणजे पाय टिकतो. पुढं १९६० च्या दशकात ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हेच ज्ञान तिथल्या मधुमेही रुग्णांना लावलं गेलं. आज जगभर मधुमेहाच्या दवाखान्यात तळव्याला जो १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवून बघतात, त्याचं मापही कारव्हिलमध्ये कुष्ठरुग्णांच्या पायांवर केलेल्या अभ्यासातून ठरलं. ब्रिटनमध्ये मधुमेही माणसाच्या पायांची दरवर्षी तपासणी होते, तो सरकारी आरोग्यसेवेचा नेहमीचा भाग आहे. भारतातल्या कुष्ठरुग्णांनी जगाला शिकवलेली ही गोष्ट आमच्या तालुक्यातल्या मधुमेही आजोबांपर्यंत मात्र पोचलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडिॲब नावाच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यातल्या किती जणांच्या तळव्याला कुणी एकदा तरी बोट लावलं असेल, याचा विचार करून मला झोप येत नाही.

महाराष्ट्रात तर हे काम मुरलेलं आहे. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं. वरोऱ्याचं आनंदवन बाबा आमट्यांनी उभं केलं. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आजही बधिर पायाच्या रुग्णाला एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबरची, चप्पल फुकट मिळते. आत मऊ, बारीक छिद्रांचं रबर, खाली टणक तळ, टाचेमागे पट्टा आणि कुठंही खिळा नाही, अशी ती चप्पल असते. मऊ रबरामुळे दाब एका जागी साचत नाही. मागच्या पट्ट्यामुळे ती निसटत नाही आणि बोटांनी पकडून ठेवावी लागत नाही. हिची गरज मावशींनाही तितकीच होती. आमच्या कार्यक्रमातली प्रत्येक गोष्ट मधुमेहात जशीच्या तशी चालते असं नाही. आम्ही रुग्णाला पाय बराच वेळ पाण्यात भिजवून घट्टा घासायला सांगायचो, मधुमेही माणसानं मात्र पाय धुवून बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायचे, भिजत ठेवायचे नाहीत. पण मूळ शिस्त एकच आहे.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एमसीआर चप्पल पूर्वी दुरून ओळखू यायची. ती पायात दिसली की लोकांना रोग कळायचा, म्हणून कित्येक रुग्ण ती घरी ठेवून अनवाणी फिरायचे आणि पाय गमवायचे. तीच चप्पल गावातल्या पाटलापासून पोस्टमास्तरापर्यंत प्रत्येक मधुमेही म्हाताऱ्याच्या पायात आली, तर कुष्ठरुग्णाच्या पायातली चप्पल वेगळी राहणार नाही. माझ्या रुग्णांसाठी मला हे मनापासून हवं आहे.

मा. सामाजिक न्याय मंत्री महोदय, आता आपल्या योजनेबद्दल. मुख्यमंत्री वयोश्री योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. ६५ वर्षांवरच्या, २ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या माणसाच्या खात्यात साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये. योजना चांगली आहे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, ट्रायपॉड, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची या सगळ्याची गरज मी डोळ्यांनी पाहतो. कमोड खुर्चीमुळे तर कितीतरी घरांतल्या बायांचे हाल थांबले. त्याच यादीत लंबर बेल्ट आहे, नी-ब्रेस आहे, सर्वायकल कॉलर आहे. चपलेचं नाव मात्र नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. विशेष कारण नसलेल्या जुन्या कंबरदुखीत पट्टा सर्रास देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. कमरेला ताण देऊन ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, तेही नको म्हटलं आहे. त्यांचा भर व्यायामावर आणि रुग्णाला नीट समजावून सांगण्यावर आहे. मणका मोडलेला असेल आणि डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर ती गोष्ट वेगळी. पण आमच्याकडे पट्टा शिबिरात वाटला जातो, माप न घेता, कमरेला हात न लावता. म्हातारा माणूस तो सकाळी बांधतो, रात्री सोडतो, पट्टा आहे म्हणून उठबस कमी करतो आणि कमरेचे स्नायू आणखी ढिले पडतात.

म्हणून विनंती अशी की यादीत 'मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट' हे शब्द घाला. त्या शासन निर्णयाच्या यादीनंतर 'इत्यादी' आहेच, पण बँकेतून पैसे काढून दुकानात जाणारा माणूस छापलेलं नाव बघतो. चप्पल आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. तालुक्याच्या बाजारात ती मिळत नाही. पण आपल्याच खात्याच्या अखत्यारीत संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे. चर्मकार कारागिरांना एमसीआरचं रबर द्या, साचे द्या, पायाचं माप कागदावर कसं काढायचं ते शिकवा. वरोऱ्याचा, उमरेडचा, पुसदचा मोची हे काम करू शकतो. दुकानातल्या चपलांपुढे त्याचा धंदा बसला आहे, त्यालाही हाताला काम मिळेल.

मा. आरोग्य मंत्री महोदय, आपल्याकडेही नवं काही उभारायला नको. आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या जोखमीची प्रश्नावली, भरतात त्यात तळव्याला वारंवार मुंग्या येतात का, तळव्यावर वारंवार जखमा होतात का, हे प्रश्न आहेत. साठीपुढच्यांना उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हेही विचारलं जातं. प्रश्न योग्य आहेत. 'हो' असं उत्तर आल्यावर पुढं काय करायचं, ते कुणी शिकवत नाही. फॉर्म भरला जातो, आकडा वर जातो, आजी तिथंच राहते.

त्या 'हो' नंतर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं पाच गोष्टी केल्या तरी पुष्कळ आहे. दोन्ही पाय उघडे करून बोटांच्या बेचक्यांसकट बघावेत. पावलावरची नाडी लागते का पाहावं. नायलॉनच्या धाग्यानं संवेदना तपासावी; तो धागा स्वस्त असतो आणि कुष्ठरोग विभागाकडे तो आहेच. चप्पल उलटी करून तिचा तळ बघावा, कारण तळ कुठं झिजलाय त्यावरून माणूस भार कुठं टाकतो ते कळतं. शेवटी माणसाला खुर्चीतून उठवून ३ मीटर चालवावं, वळवावं आणि परत येऊन बसायला सांगावं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तो पडण्याची शक्यता जास्त आहे असं धरतात. पासष्टीपुढच्या दर तिघांपैकी जवळपास एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घर ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. आमच्याकडे न्हाणीतला ओला दगड आणि झिजून गुळगुळीत झालेली स्लीपर एकत्र आली की काम तमाम होतं.

आणि नखं. ज्येष्ठांच्या ओपीडीच्या दिवशी कुणीतरी नखं कापून द्यावीत, एवढी साधी गोष्ट मी मागतो आहे. ज्याची कंबर वाकत नाही त्याचा हात पायापर्यंत पोचत नाही. ज्याला मोतीबिंदू आहे त्याला नख दिसत नाही. टोंगळे दुखतात म्हणून पाय मांडीवर घेता येत नाही. सुनेला सांगायला सासऱ्याला लाज वाटते, मुलगा पुण्यात नाहीतर नागपुरात असतो. मग नखं वाढतात, जाड होतात, कधी ब्लेडनं कापायला जाऊन जखम होते. मी कुरूप ब्लेडनं कोरून काढणारे पाहिलेत, बाजारातलं कुरुपावरचं ॲसिड लावून बोट काळं पडलेले पाहिलेत, आणि बधिर पाय विटेच्या शेकानं भाजून घेतलेलेही पाहिलेत. गरम पाण्याची पिशवी तर प्रत्येक घरात आहे. बधिर तळव्याला ती किती तापलीय ते कळत नाही, सकाळी फोड दिसतो तेव्हा कळतं.

ग्रामीण रुग्णालयात जिथं फिजिओथेरपिस्टची जागा आहे आणि माणूस नाही, तिथं ती भरा. कंबरदुखीच्या रुग्णाला पट्ट्यापेक्षा त्याच्याकडून खुर्चीतून उठबस करून घेणाऱ्या माणसाची गरज जास्त आहे. आणि ज्यांना थांबवून चालत नाही ते कोण, हेही प्रत्येक उपकेंद्रात ठळक लिहून लावा: कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल एकाएकी लटकं पडलं, किंवा साध्या पडण्यानंतर म्हाताऱ्या माणसाची पाठ कळवळून दुखू लागली, तर त्याच दिवशी पुढच्या रुग्णालयात पाठवायचं.

आषाढी वारीत आपलं खातं पालखीमार्गावर दवाखाने लावतं, वारकऱ्यांच्या पायांवरच्या फोडांना मलम लावतं, ड्रेसिंग करतं. ते काम मी आदरानं पाहतो. तीच माणसं वारीहून परतल्यावर वर्षभर ज्या आरोग्य केंद्रात बीपीची गोळी न्यायला येतात, तिथं त्यांचे पाय टेबलाखाली राहतात.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करा. चंद्रपूर घ्या, गडचिरोली घ्या. इथं कुष्ठरोगाचं काम मोठं आहे, पाय तपासता येणारी माणसं नोकरीत आहेत. मधुमेह आणि ज्येष्ठांच्या ओपीडीत त्यांनी आठवड्यातून एक दिवस बसावं, असा एक आदेश पुरेल. आमच्यासारखे निवृत्त झालेलेही प्रत्येक जिल्ह्यात आहेत. समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंना पाय तपासायला शिकवणं एका दुपारचं काम आहे, ते आम्ही मानधन न घेता करू. जिल्हा कुष्ठरोग कार्यालयातून निरोप आला तरी चालेल. पावसाळ्यात चिखल्या होतात, जखमा चिघळतात, तेव्हा निरोप पावसाळ्याआधी यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ
जिल्हा चंद्रपूर